आज काही दुखलं नाही

४ मार्च

वकीलबाईंनी वही दिली. म्हणाल्या, "आजी, रोज एक ओळ लिहायची. कुठं दुखलं, किती दुखलं, काय करता आलं नाही. दाव्याला लागते." जाड कागदाची चांगली वही आहे. त्यांच्यासमोरच लिहिलं : आज काही दुखलं नाही.

त्यांचा चेहरा जरा उतरला.

पण पेन हातात आलं की माझं एका ओळीत भागत नाही असं दिसतंय. म्हणून ही दुसरी वही काढली. ही माझी. वकीलबाईंना दाखवायची नाही, वन्संना तर मुळीच नाही.

दावा कसला ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा नको. माझ्या पित्ताशयात खडे झाले. डॉक्टरांनी पोटाला भोकं पाडून दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. ते काढताना त्याची एक बारीक नळी कापायची असते. त्यांनी ती समजून शेजारची मोठी नळी कापली, यकृताचं पित्त आतड्यात नेणारी. मग मी पिवळी झाले. दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात पोट उघडून आतडं वर घेऊन तिथं जोडलं. बाजूनं नळी आणि पिशवी लोंबत होती, ती गेल्या आठवड्यात काढली. झालं. एवढंच आहे. लोक यावर तासतासभर बोलतात.

७ मार्च

वन्संनी सकाळी न्हाणीघरातून हाक मारली, "वहिनी, हे काय आहे?"

"टब आहे."

"टबात काय आहे?"

"वेताच्या पट्ट्या. भिजत घातल्यात."

"आणि मी कुठं भिजायचं?"

मी वेताच्या खुर्च्या विणते. पट्ट्या भिजल्याशिवाय वळत नाहीत, मोडतात. या घरात टब वेताचा आहे, माणसांना बादली आहे. नवरा होता तेव्हाही असंच होतं, तो कधी काही बोलला नाही. पण वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण. सगळ्या घराच्या वाटणीचं बोलणं त्यांच्याकडे गेलं. पाणी खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसून म्हाताऱ्या झाल्या. आता खिडकी गेली, तक्रारी राहिल्या.

आमचं कधी पटलं नाही. भांडण असं नाही, पण मी घाईची आणि त्या बारकाव्याच्या. नवरा गेल्यावर लग्नामयताला भेटायचो तेवढंच.

या वेळी त्या आल्या ते खुर्ची घेऊन. बैठक खाली गेलेली, घरचं काम, फुकट. टॅक्सीतून उतरल्या, खुर्ची फुटपाथवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"अगं, तू पिवळी दिसतेस."

"बल्बचा उजेड आहे."

"बल्ब बंद आहे."

आणि जो आरडाओरडा सुरू केला! टॅक्सीवाल्याला परत बोलावलं, मला चपलाही घालू दिल्या नाहीत. मी अंग खाजवत टॅक्सीत आणि खुर्ची फुटपाथवर. समोरच्या किल्लीवाल्यानं आत उचलून ठेवली म्हणून राहिली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. डॉक्टर असं म्हणतातच.

तेव्हापासून वन्सं इथंच आहेत. म्हणतात, "आले आहे तर खुर्ची घेऊनच जाईन." घ्या म्हटलं. पण गिऱ्हाइकांचं काम आधी.

वकीलबाईंच्या वहीत : आज काही दुखलं नाही.

१५ मार्च

वन्सं औषधाच्या दुकानात गेल्या, चिकटपट्टीचा चिकटपणा कमी आहे म्हणून. पट्टी बदलून आणली, वर दुकानदाराकडून माफी. मला लाज वाटली.

म्हटलं, "एवढ्याशा पट्टीसाठी?"

"तक्रार करणं हे काम आहे, वहिनी. रडणं वेगळं, तक्रार वेगळी. तुला दोन्ही येत नाही."

मग त्यांना खिडकीची आठवण आली. तिथं म्हणे एक आजोबा रोज यायचे. नळाला पाणी नाही म्हणायचे. माणूस पाठवावा तर नळ धो धो चालू. पुन्हा दुसऱ्या दिवशी आजोबा हजर.

"वेडसर असतील," मी म्हटलं.

"छे. रोज तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचा नळ बहुतेक चालूच असतो. मी त्यांना खुर्ची द्यायची आणि चहा."

सरकारी नोकरीत वेळच वेळ असतो.

२८ मार्च

वकीलबाई आल्या. पोरीचं वय काय, माझ्या मुलाहून लहान, पण हुशार. पेनाचं टोपण चावते एवढंच. वही वाचली. पानामागून पान उलटलं. काही दुखलं नाही, काही दुखलं नाही, काही दुखलं नाही, एका पानावर 'डबीचं झाकण उघडलं नाही, मग उघडलं'.

"आजी, ही वही त्यांच्या हातात दिली तर ते म्हणतील, आमच्या ऑपरेशननं तुमची तब्येत सुधारली."

"मग म्हणू देत."

त्यांनी वही मिटली. "बरं, दुसरं. पहिल्या ऑपरेशननंतर तुम्ही घरी होतात, तेव्हा दवाखान्यातून नर्सचा रोज फोन यायचा. तुम्ही तिला सांगितलं होतंत ना, अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते?"

"नाही."

"नीट आठवा."

"नीट आठवतंय. ती विचारायची, कसं वाटतंय. मी म्हणायची, ठीक."

"रोज?"

"रोज. तिलाही काम होतं, मलाही काम होतं."

आमच्या माहेरी कुणी 'कसं आहे' विचारलं की उत्तर एकच. माझी आई जाताना डॉक्टरांना 'ठीक' म्हणाली आणि गेली.

वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या, "हिच्या पायावर हत्ती बसला तरी ही 'ठीक' म्हणेल. वर हत्तीला पाणी विचारेल."

वकीलबाई म्हणाल्या, सगळं त्या फोनवर अडणार. दवाखान्याचं म्हणणं आहे, बाईंनी काही सांगितलंच नाही, मग आम्हाला कळणार कसं? मी 'सांगितलं होतं' म्हटलं तर ते अडचणीत. मी 'ठीक' म्हटलं असं कबूल केलं तर आम्ही अडचणीत.

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं. "आणि त्या डॉक्टरला सोडणारही नाही."

"म्हणजे तुम्हाला हवंय काय, आजी?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मुलगा फोनवर नुसता 'लढू आपण' म्हणतो, तिकडे लांब बसून. मी जरा विचार केला.

"पुढं ते जोडकाम अरुंद झालं तर औषधपाण्याचा खर्च त्यांनी करावा, हे बरोबर आहे. आणि त्या मोज्यांवाल्यानं एकदा सरळ सांगावं, काय कापलं ते."

मोज्यांवाला म्हणजे तो पहिला डॉक्टर. रंगीबेरंगी मोजे घालतो, ऑपरेशनच्या दिवशी बदकांचे होते. माणूस वाईट नाही. पण मी पिवळी होऊन पडले होते तेव्हा येऊन म्हणाला, "थोडी गुंतागुंत झाली." गुंतागुंत दोऱ्याची होते. इथं कात्री लागली होती.

९ एप्रिल

कामाला बसले. लहान स्टूल विणायला घेतलं, वेत आधी आडवा, मग उभा, मग तिरका. पोटाचा टाका ओढला नाही. पट्टी सुटू नये म्हणून भोकांत मधे मधे खुंट्या मारायला वन्संना बसवलं. वाकड्या मारतात आणि वर म्हणतात भोकच वाकडं आहे.

संध्याकाळी पत्ते. त्या हरल्या की पत्ते तपासतात. मग पेपरातली वाचकांची पत्रं मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येकाला मार्क देतात. 'हा नुसता रडलाय, तीन.' 'हिनं तारीख, जागा, नाव सगळं दिलंय, नऊ.' मी हसले की टाका ओढतो. तेवढंच काय ते दुखणं, ते कशाला वहीत लिहायचं.

सूप चांगलं करतात, हे इथं लिहायला हरकत नाही. मिरी जास्त होते.

२० एप्रिल

दुरुस्तीवाल्या डॉक्टरांकडे गेलो. ज्यांनी आतडं जोडलं ते. रक्त चांगलं, टाका चांगला, जोड चांगला. वजनसुद्धा उचला म्हणाले. दरवर्षी रक्त तपासा म्हणाले. मी पर्स उचलून उभी राहिले, वन्सं मात्र विचारत बसल्या. डॉक्टरांचा चहा गार झाला.

घरी आल्यावर वन्सं स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून त्यांची बॅग खाली काढली. पुसली. म्हणाल्या, "चला, आता तुझं तू बघशील. माझी झाडं शेजारणीकडे आहेत, ती पाणी कमी घालते."

मी म्हटलं, "हो, झाडं बघायला हवीत."

संध्याकाळी बरगडीखाली उजवीकडे दुखलं. चमक नाही, जड जड. वहीत लिहिलं. पहिल्यांदाच काही लिहायला मिळालं.

२१ एप्रिल

आजही दुखलं. वन्संना सांगितलं नव्हतं, पण चहाचा कप ठेवताना हात तिकडे गेला तो त्यांनी बघितला. बॅगेत दोन साड्या भरल्या होत्या, त्या काढून ठेवल्या.

३ मे

डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सगळं स्वच्छ. "कधी कधी दुखतं असं," म्हणाले. हे उत्तर मलाही देता आलं असतं.

वकीलबाई मात्र खूश. पान उलटून म्हणाल्या, "आजी, शाब्बास!" दुखल्याबद्दल शाब्बासकी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली.

दुखणं गमतीचं आहे. कामाला बसलं की नसतं. पत्त्याला बसलं की नसतं. परवा वन्सं फोनवर शेजारणीशी बोलत होत्या, 'येते गं, या आठवड्यात बघते,' तेव्हा फार दुखलं. बसण्याची पद्धत चुकत असेल.

मोठ्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आल्यात, पूर्ण संच. आता वन्संच्या खुर्चीला लवकर हात लागेल असं वाटत नाही. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरच्याचं शेवटी. माहिती आहे मला." रागावल्या म्हणावं तर नाही.

टॅक्सीवाला, नर्स, डॉक्टर, सगळे मला विचारतात कोण लागता तुम्ही एकमेकींच्या. नणंद-भावजय म्हटलं की दचकतात.

१२ मे

दाव्यातल्या समोरच्या बाजूच्या डॉक्टरांनी तपासलं. हात गार होते. "इथं दुखतं? इथं?" नाही, नाही. "मग कुठं दुखतं?" मी म्हटलं, "घरी."

त्यांनी ते लिहून घेतलं.

३ जून

आज बैठक झाली. कोर्ट नव्हे, मध्यस्थ म्हणून एक गृहस्थ होते, सारखा चष्मा पुसणारे. लांब टेबल. आमच्या बाजूला वकीलबाई, मी, वन्सं. तिकडे त्यांचे वकील, दवाखान्याची एक बाई आणि मोज्यांवाला. मी पहिल्यांदा टेबलाखाली बघितलं. काळे मोजे.

खुर्च्या प्लॅस्टिकच्या. त्यावर काही बोलत नाही.

त्यांचे वकील गोड बोलणारे. म्हणाले, ही या ऑपरेशनमधली माहीत असलेली जोखीम आहे, कागदावर सही आहे. मग फोनचा विषय काढला. "आजी, नर्सनं रोज फोन केला. तुम्ही काय सांगितलंत?"

वकीलबाईंचं टोपण तोंडात.

"ठीक," मी म्हटलं.

"म्हणजे त्रास नव्हता?"

"होता. खाज होती, लघवी चहासारखी होती, अन्न नको वाटत होतं. पण सांगितलं नाही. ती चूक माझी. ती कुणावर घालायची नाही."

ते वकील खूश होऊन मागं टेकले. मग वही पुढं ओढली. "आता ही वही. मार्चमध्ये काही दुखत नाही. जवळजवळ सगळा एप्रिल काही दुखत नाही. आणि वीस एप्रिलपासून एकाएकी दुखायला लागतं. त्याच दिवशी तर तुमच्या डॉक्टरांनी 'सगळं उत्तम' असं लिहून दिलंय. हे कसं?"

"दुखलं म्हणून लिहिलं."

"त्या दिवशी विशेष काय घडलं?"

"काही नाही. घरी आलो. यांनी बॅग काढली माळ्यावरून. चहा घेतला."

वन्सं एवढा वेळ माझ्या शेजारी सुई टोचल्यासारख्या ताठ बसल्या होत्या, कुठं तोंड घालता येतंय बघत. त्या एकदम माझ्याकडे वळल्या. काही बोलल्या नाहीत. वन्सं बोलल्या नाहीत! मला वाटलं यांना बरं वाटत नाहीये.

"आज दुखतंय?" वकिलांनी विचारलं.

आत बघितलं. खरं सांगायचं तर वन्संचा हात माझ्या हातावर होता, केव्हा ठेवला कोण जाणे. "नाही," मी म्हटलं.

टोपण खाली पडलं. वकीलबाई टेबलाखाली शोधायला गेल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

तेवढ्यात मोज्यांवाला बोलला. त्याच्या वकिलांनी त्याच्या बाहीवर हात ठेवला, तो त्यानं काढला. म्हणाला, "त्या 'ठीक' म्हणाल्या तरी मी बोलावून बघायला हवं होतं. आणि नळी मी चुकीची कापली. मला खात्री होती ती बारीक नळी आहे. खात्री होती म्हणून थांबून पुन्हा बघितलं नाही."

मध्यस्थांनी चष्मा घातला.

मी म्हटलं, "हे फेब्रुवारीत सांगायला काय झालं होतं?"

"सांगू नका म्हणाले."

"कोण?"

त्यानं दवाखान्याच्या बाईकडे बघितलं नाही. पण बाकी सगळ्यांनी बघितलं.

पुढं मग तासाभरात मिटलं. औषधपाणी, दरवर्षीची तपासणी, जोड पुन्हा करावा लागला तर तो, सगळं त्यांच्याकडे. वर काही रक्कम. वकीलबाई जिन्यात म्हणाल्या, वही नसती तर जास्त पैसे मिळाले असते, पण तो बोलला नसता तर काहीच नसतं मिळालं. म्हटलं, मग फिटंफाट. त्यांना नवं पेन घेऊन द्यायला हवं, स्टीलच्या टोपणाचं.

मोज्यांवाला दाराशी थांबला होता. मी म्हटलं, "बदकंच बरी होती." त्याचे डोळे भरले. डॉक्टरांना एवढं हळवं असून चालत नाही.

परत येताना टॅक्सीत वन्संनी विचारलं, "वहिनी, कुठं दुखत होतं गं तुला?"

"इथं. बरगडीखाली."

"आणि मी शेजारणीला फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही. तुम्हाला कसं कळलं?"

त्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "खिडकीवर जन्म गेला माझा." याचा अर्थ काय ते विचारलं नाही. थकल्या होत्या.

५ जून

वकीलबाई त्यांची वही घेऊन गेल्या. दावा मिटला, वही मिटली. मग आता वन्संना अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. न्यायाचं ते न्यायाचं. त्यांची झाडं तिकडे वाळतायत.

त्यांची खुर्ची काढली. जुना वेत कापला, भोकं साफ केली, सगळ्यात चांगल्या पट्ट्या घेतल्या, गिऱ्हाइकांनाही अशा देत नाही. दिवसभर तीच. वन्सं खुंट्या मारायला आल्या नाहीत, दारातूनच बघून गेल्या.

आज थोडं दुखलं. पण आता लिहायचं कुठं? इथं लिहिलं.

७ जून

खुर्ची वाळली. वेत वाळताना आखडतो, बैठक ताणली जाते. टिचकी मारली तर डफासारखी वाजली. अशी बैठक मी पाच वर्षांत विणली नाही. कामाच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली. हाक मारली.

"वन्सं, झाली हो तुमची खुर्ची."

त्या आल्या. नेसत्या साडीचा पदर खोचला, बसल्या. हलल्या. पुढं झाल्या, मागं झाल्या. हातांनी दाबून बघितली. मी बॅगेकडे बघत होते, ती कॉटखाली होती.

"सैल आहे," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"सैल विणली आहेस. मधे झोळ पडलाय."

"झोळ? वाजवून बघा! डफ आहे डफ!"

"मला सैल लागते आहे, त्याला मी काय करू? बसणार मी आहे. सोड आणि पुन्हा विण."

"वन्सं, एवढं सगळं पुन्हा करायचं तर किती दिवस..."

"लागू देत. मी कुठं घाई करतेय? आणि या वेळी घाईघाईत करू नकोस. गिऱ्हाइकांचं आधी कर."

असा संताप आला! आयुष्यभर लोकांच्या खोट्या तक्रारी ऐकल्या आणि आता स्वतः एक घेऊन आल्या. चांगला विणलेला वेत सोडायचा म्हणजे पाप. मी तावातावानं कात्री घेऊन बसले. त्या त्याच खुर्चीत बसून राहिल्या, उठेचनात, मग कापणार कशी? म्हटलं, राहू दे, उद्या.

मग चहा ठेवला. दोघींचा.

संध्याकाळी समोरच्या किल्लीवाल्याकडून पत्र्याची जुनी टाकी आणली, मागच्या दाराशी ठेवली आणि टबातला सगळा वेत तिकडे हलवला. टब घासला. इतक्या वर्षांची वेताची पिवळी कड होती, निघेना, मग सोड्यानं निघाली. वन्संना काही बोलले नाही. सकाळी न्हाणीघरात जातील तेव्हा कळेलच.

आज काही दुखलं नाही.